पुढचा ब्रेक किंचाळतो : सायकलच्या रिंग ब्रेकच्या आवाजावर उपाय सांगा

निळीसायकल
मंडळी, मदत हवी आहे. सायकल हायब्रिड, ७०० सीची चाकं, ॲल्युमिनियमच्या रिंगा, दोन्हीकडे व्ही-ब्रेक, म्हणजे दोन उभे हात दोन्ही बाजूंनी रिंगवर रबर दाबतात तो. पाऊस सरल्यापासून पुढचा ब्रेक असा किंचाळतो की चांदणी चौकातून कोथरूडकडे उतरताना माणसं वळून बघतात. घंटी वाजवायची गरजच उरलेली नाही. दुकानात नेली तर त्यांनी नवे रबर टाकून दिले. थोडे दिवस गप्प, मग पुन्हा तेच. गंमत म्हणजे ब्रेक लागतो मात्र झकास. भर वेगात आवाज नसतो, सायकल थांबत आली की सुरू होतो. मागचा किंचाळत नाही, पण अधूनमधून घर्र करतो.

घरच्यांपासून ऑफिसपर्यंत सगळे "डिस्क ब्रेक घे" म्हणतायत. ते सोडून काहीही सांगा. घरी ॲलन कीचा संच आहे, एक पाना आहे आणि रविवार मोकळा आहे.

घाटमाथा
टो-इन कर. संपला विषय.

म्हणजे असं, की ब्रेक दाबल्यावर पॅडचं, म्हणजे ब्रेकच्या रबराचं, पुढचं टोक, सायकल जाते त्या दिशेचं, रिंगला आधी टेकलं पाहिजे आणि मागचं टोक जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर मागे राहिलं पाहिजे. मग जोर वाढला की अख्खं पॅड बसतं. तुझ्याकडे बहुतेक पॅड अगदी सपाट टेकतंय किंवा उलटं, मागून आधी टेकतंय.

सोपी युक्ती: पॅडच्या मागच्या टोकाला रबर बँडचे दोन-तीन वेढे दे. ५ नंबरच्या ॲलन कीने पॅडचा नट सैल कर, ब्रेकची मूठ दाबून धर म्हणजे पॅड रिंगवर आपोआप बसेल, आणि तसंच दाबून ठेवून नट आवळ. रबर बँड काढलास की मागे फट राहते. मूठ दाबायला दुसरं माणूस नसेल तर ती सुतळीने हँडलला बांधून टाक.

दहाचापाना
घाटमाथा, घाई करताय. रोगी तपासायच्या आधीच गोळी दिलीत.

निळीसायकल, तुम्ही लिहिलंय की नवे रबर टाकल्यावर थोडे दिवस आवाज नव्हता. म्हणजे पॅडच्या कोनाचा प्रश्न असेलही, पण त्याआधी दोन गोष्टी बघा: घाण आणि ढील. आमच्याकडे आवाजाच्या तक्रारीची सायकल आली की पॅडला हात लावायच्या आधी मी ब्रेकचा हात धरून हलवून बघतो. पॅडजवळ धरायचा आणि पुढे-मागे, म्हणजे सायकलच्या लांबीच्या दिशेने, हलवायचा. कट्कट् जाणवलं तर तिथेच चोर सापडला. व्ही-ब्रेकचा हात चिमट्यावरच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कवरच्या, खुंटीवर बसलेला असतो, त्याचा बोल्ट सैल असतो किंवा आतला बुश, म्हणजे नळीसारखा तुकडा, खाल्लेला असतो. स्वस्तातल्या सायकलींत बुश प्लॅस्टिकचा येतो, तो लवकर जातो. असल्या हातावर कितीही टो-इन करा, चार दिवसांत पुन्हा बोंब.

दुसरं, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे ढकला. हँडलखाली, जिथे चिमटा फ्रेममध्ये शिरतो, तिथे बोट ठेवा. हलतंय असं लागलं तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल आहे, तो आधी आवळा. मागोमाग चाकाचा ॲक्सलही बघून घ्या, क्विक रिलीज, म्हणजे हाताने उघडायचा खटका, असेल तर तो नीट बंद आहे ना ते.

तिसरं, धुणं. त्यावर नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

विटेकरी
दहाचापाना बरोबर सांगतायत, त्यामागचं कारण सांगतो. आवाज म्हणजे कंपन. रबर रिंगला चिकटतं, रिंग त्याला थोडं ओढत नेते, ब्रेकचा हात वाकतो, मग रबर सुटून मागे येतं आणि पुन्हा चिकटतं. फळ्यावर खडू उभा धरला की जे होतं तेच. हे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा घडतं आणि ब्रेकचा हात, चिमटा, रिंग सगळं मिळून गाऊ लागतं.

स्थिर असताना घर्षण जास्त आणि सरकताना कमी, या फरकावर हा खेळ चालतो. वेग कमी झाला की चिकटायला सवड मिळते, म्हणून तुझा ब्रेक थांबता थांबताच ओरडतो. यातून दोन गोष्टी निघतात. एक, जे वाकतं किंवा हलतं ते घट्ट केलं की आवाज जातो. दुसरी, किंचाळणारा ब्रेक बहुधा नीट धरणारा असतो. गप्प ब्रेक चांगला असेलच असं नाही.

टो-इनबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पॅड झिजत जातं तसं ते रिंगला सपाट होत जातं आणि तुम्ही दिलेला कोन आपोआप पुसला जातो. म्हणजे टो-इन ही उधारीवरची शांतता आहे.

घाटमाथा
उधारी तर उधारी. ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळात लांब अंतर कापायच्या सायकल राइडला, ती २०० किलोमीटर टिकली तरी मला पुरते.

आणि पॅड सपाट होईपर्यंत रिंगवरची नवेपणाची चकाकी जाते, पॅडचा वरचा कडक थर जातो. बऱ्याचदा आवाज नंतर परत येतच नाही. तुमचं शास्त्र मान्य, पण अनुभवही खोटा नाही.

भोपळेचौक
एक बाळबोध प्रश्न. रिंगला अगदी किंचित तेल लावलं तर? आमच्या गल्लीत एकाने लावलंय, आवाज बंद झाला म्हणतो.

सौ_पेडल
भोपळेचौक, त्या गल्लीतल्या माणसाला आजच्या आज सायकलवरून उतरवा! आवाज बंद झालाय कारण ब्रेकच बंद झालाय.

दहाचापाना
गिऱ्हाईक गेलं, तेवढ्यात हे वाचलं. तेल, ग्रीस, रॉकेल, डिझेल, चेनवर मारायचा स्प्रे, टायर चमकवायचं पॉलिश यातलं काहीही रिंगवर जाता कामा नये. रबरात तेल मुरलं की ते घासूनही निघत नाही, पॅड फेकावे लागतात. स्प्रे मारताना चाकाच्या मागे जुना पुठ्ठा धरायचा, एवढी सवय लावली तरी निम्म्या तक्रारी येणार नाहीत.

सायकल धुऊन देणारे पुष्कळ जण अख्खी सायकल रॉकेलने पुसतात. चेनसाठी ठीक आहे. रिंगवर त्याचा पातळ तेलकट थर राहतो आणि पहिल्या उतारावर किंचाळी येते. निळीसायकल, दुकानात धुऊन घेतली होतीत का?

आता धुणं. भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी, चिंधीने रिंगचे दोन्ही गाल पुसायचे. काळं येत राहील, येऊ द्या. ते ॲल्युमिनियमचं आणि रबराचं मिळून झालेलं काजळ असतं. हट्टी डाग असतील तर भांडी घासायची हिरवी घासणी हलक्या हाताने फिरवा. स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडं करा. मग स्पिरिट, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्वच्छ फडक्यावर घेऊन शेवटचा हात. फडकं पांढरं राहीपर्यंत.

पॅड काढून बघा. तोंड काचेसारखं चकाकत असेल तर १०० च्या आसपासचा पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवून त्यावर पॅड घासा, मॅट दिसेपर्यंत. पेपर हातात धरून घासलात तर पॅड गोलसर होतं.

सौ_पेडल
एक भर. स्पिरिट नाही म्हणून करोनाच्या काळातला सॅनिटायझर वापरू नका. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातही १.४५ टक्के आहे. अल्कोहोल उडून जातं आणि ग्लिसरीन रिंगवर बसतं. नेलपॉलिश रिमूव्हरही नको, रंग आणि स्टिकर दोन्ही जातील.

राजापूरची_गंगा
आमच्याकडे कोकणात वेगळीच तऱ्हा. घरची जुनी सायकल लोखंडी रिंगांची, क्रोम केलेल्या. पावसाळ्यात चार दिवस पडवीत उभी राहिली की रिंगला तांबूस मोरचा, म्हणजे गंज, येतो आणि सकाळी पहिला ब्रेक लावला की खर्रर्र. दोन वळणं गेलं की आपसूक घासून जातं. त्याला मी आवाज म्हणतच नाही. खरी भीती ओल्या रिंगेची. क्रोम भिजलं की ब्रेक दाबतोय दाबतोय आणि सायकल आपली चाललीच आहे, समोर म्हैस.

यावर काही आहे का? की ॲल्युमिनियमच्या रिंगा बसवून घेऊ?

घाटमाथा
गंगाताई, बसवून घ्या. ओल्यात क्रोमच्या रिंगेवर साधं रबर फार कमी धरतं, ॲल्युमिनियमवर पाणी पुसलं गेलं की पकड परत येते. परदेशात लोखंडी रिंगांसाठी चामड्याचा थर असलेले पॅड मिळायचे, आपल्याकडे शोधत बसण्यापेक्षा रिंग बदलणं सोपं. तोवर पावसात उताराच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलका टेकवत या, पाणी पुसलं जाईल.

दहाचापाना
गंगाताई, रिंग बदलायच्या आधी ब्रेक कोणता ते सांगा. दांडीचा असेल, म्हणजे वायरऐवजी सळ्या, तर त्याचे रबर रिंगच्या गालावर नाही, आतल्या बाजूला, तारांकडच्या (स्पोककडच्या) तोंडावर टेकतात. त्याची रिंगच वेगळ्या आकाराची असते. साधी ॲल्युमिनियमची रिंग टाकलीत तर रबर टेकायला जागाच मिळणार नाही. मग ब्रेकसकट बदलावं लागेल.

राजापूरची_गंगा
दांडीचाच आहे हो! आजोबांची सायकल. बरं झालं विचारलं. मग राहू दे तशीच, बाजारापुरतीच जाते. त्याच्या दांड्या खडखडतात त्यावर तरी सांगा.

दहाचापाना
जिथे जिथे सळी कडीतून जाते तिथे बघा. हँडलच्या खालचे आणि फ्रेमच्या डोक्याजवळचे नट आवळा, वायसर झिजले असतील तर नवे घाला, सांध्यांवर तेलाचा एकेक थेंब. रिंगपासून लांब आहे ते, चालेल.

कालव्याकाठी
नेदरलँड्समधून वाचतोय. इथे रोजच्या वापराच्या कित्येक सायकलींना रिंग ब्रेक नसतातच. मागे उलटं पेडल मारून लागणारा ब्रेक, किंवा हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, रोलर ब्रेक. पावसात काहीच फरक पडत नाही. पण सपाट देश आहे हो, सिंहगड उतरायचा नसतो! हबमधला ब्रेक लांब उतारावर तापतो.

विटेकरी
तापतो रिंग ब्रेकही, फक्त उष्णता अख्ख्या रिंगभर पसरते. दिवे घाट सलग ब्रेक धरून उतरलात तर खाली आल्यावर रिंगला बोट लावून बघा. नको, लावू नका. दाबा-सोडा, दाबा-सोडा असं उतरायचं.

निळीसायकल
अहवाल देतो.

पुढचा डावा हात पकडून हलवला तर खरंच कट्कट् झालं. बोल्ट हाताने फिरेल इतका सैल. आवळला. खुंटीवर आधी बोटाने जरासं ग्रीस दिलं. हेडसेट ठीक होता. रिंग साबणाने, मग स्पिरिटने पुसली, चौथ्या फडक्याला पांढरं राहिलं. आणि हो, दहाचापाना, दुकानात धुऊन घेतली होती, "रॉकेल वॉश" असं बिलावरच लिहिलंय.

एवढ्यावर आवाज ऐंशी टक्के गेला. मग घाटमाथाचा रबर बँड. आता पुढचा गप्प आहे.

आवळताना एक त्रास झाला: ॲलन की फिरवली की पॅडही फिरतं. उजव्याचं नाक वर गेलं, डाव्याचं खाली. पॅड टायरला घासतंय का या धाकाने ते पुन्हा पुन्हा करावं लागलं.

घाटमाथा
पॅड डाव्या हाताने धरूनच आवळायचं, किंवा लहान पान्याने. पॅडची वरची कड रिंगच्या कडेपासून एक-दोन मिलिमीटर खाली राहू दे. टायरला घासलं तर टायरची भिंत फाटते, फार खाली गेलं तर पॅड रिंगखाली निसटून तारांत जाऊ शकतं. दोन्ही वाईट.

आणि पॅडच्या दांड्यावर जे वाटीसारखे वायसर असतात, एक बाजू फुगीर, एक खोलगट, त्यांचा क्रम जसा होता तसाच ठेव. त्यांच्यामुळेच पॅड हव्या त्या कोनात वळतं. जाड-पातळ अशी जोडी असते, अदलाबदल केली की ब्रेकचे हात जवळ-लांब होतात.

खडीचढण
माझ्या जुन्या रेसिंग सायकलला साधे कॅलिपर, म्हणजे मधल्या एकाच बोल्टवर बसवलेले ब्रेक, आहेत, पॅडला वाट्या नाहीत, सरळ दांडा. टो-इन कसं करायचं? एका मेकॅनिकने पान्यात हात धरून पिळून दिला होता.

दहाचापाना
पूर्वी आम्ही सगळेच पिळायचो. एकाच खिळ्यावर फिरणारे पातळ हात असायचे, ते वाकायचे. आता ड्युअल पिव्हटवर, म्हणजे दोन खिळ्यांवर फिरणाऱ्या हातांवर, तसं करू नका, तडा गेला तर दिसायचाही नाही. वाटीचे वायसर असलेले पॅड सुटे मिळतात, ते टाका. आधी कॅलिपर चिमट्याला जिथे बसवलाय तो मधला बोल्ट आवळून बघा, बहुतेक तोच सैल असतो.

विटेकरी
मी असहमत. जुन्या पातळ हातालाही पिळू नका. एकदा वाकलेलं ॲल्युमिनियम परत सरळ करायला गेलात तर तुटतं, आणि हा ब्रेक आहे, मडगार्ड नव्हे.

दहाचापाना
तुमचं म्हणणं खरं आहे. मी तरुणपणीचं सांगत होतो.

सौ_पेडल
कुणाचा कँटिलिव्हर असेल, म्हणजे वरून मधोमध वायर येऊन दोन्हीकडे फाटा फुटतो तो, आणि पुढचा ब्रेक दाबल्यावर चिमटा थरथर कापत असेल, तर पॅडच्या मागे लागू नका. वायरचा खुंटा वर हेडसेटपाशी असतो. चिमटा मागे वाकला की वायर आणखी ओढली जाते, ब्रेक आणखी लागतो, मग सुटतो. खुंटा चिमट्यावरच बसवला की थांबतं. १९९६ मध्ये शिमानोने व्ही-ब्रेक आणल्यापासून नव्या सायकलींत हा ब्रेक कमी होत गेला, पण सायक्लोक्रॉस आणि जुन्या टूरिंग सायकलींवर अजून दिसतो.

भोपळेचौक
आणि डिस्क घेतली तर खरंच आवाज जातो का? (पळून जातो आता)

घाटमाथा
पळू नकोस, थांब. डिस्कवर तेलाचा एक शिंतोडा उडाला तर असा आवाज येतो की रिंग ब्रेक अंगाई वाटेल. घ्यायची तर ओल्यातल्या पकडीसाठी घे. शांततेसाठी नको.

निळीसायकल
आता मागचा. घर्र. पॅड काढले तर रबरात चमचमणारे कण रुतलेले. सुईने उकरून काढले, दोन चांगले तांदळाच्या कणीएवढे होते. पॉलिश पेपरवर घासले, परत बसवले, घर्र गेली. पण रिंगवर चाकाभर चरे पडलेत, नखाला लागतात. बदलावी लागेल का?

दहाचापाना
ते कण रिंगचेच. वाळू रबरात अडकते, ती रिंग खरवडते, खरवडलेलं ॲल्युमिनियम पुन्हा रबरात बसतं आणि आणखी खरवडतं. पावसाळ्यात चिखलातून जाऊन आलात की रिंग आणि पॅड नुसत्या पाण्याने तरी धुवा, आणि महिन्याकाठी पॅड काढून बघा.

चऱ्यांनी लगेच काही होत नाही. झीज किती ते बघा. बऱ्याच रिंगांच्या गालावर बारीक खाच किंवा खड्डा कोरलेला असतो, तो दिसेनासा झाला की रिंग संपली. खूण नसेल तर कंपासपेटीतली स्टीलची पट्टी गालावर उभी टेकवा आणि मागून उजेड बघा. मध्ये फट दिसली, गाल आत गेलेला दिसला, की बदलायची वेळ जवळ आली.

विटेकरी
हे गंभीरपणे घ्या. टायरची हवा रिंगच्या गालांना सतत बाहेर ढकलत असते. गाल पातळ झाला की एक दिवस उकलतो, आणि तो दिवस बहुतेक उतारावरचा असतो.

निळीसायकल
पट्टी लावली. उजव्या गालाला फट दिसतेय, खुणेची खाच कुठेच नाही. मागची रिंग बदलतो. पुढची सपाट आहे. आता नवी घेताना काय बघू? आणि तारा नव्या लागतील का?

दहाचापाना
आधी भोकं मोजा, ३२ की ३६. मग जुनी रिंग घेऊन दुकानात जा आणि शेजारी ठेवून बघा, आतली उंची तीच असलेली मिळाली तर त्याच तारा चालतात. दोन्ही रिंगा चिकटपट्टीने एकमेकींना बांधायच्या, व्हॉल्व्हचं भोक समोरासमोर, आणि एकेक तार जुनीतून काढून नवीत घालायची. निपल, म्हणजे तार रिंगला धरणारे छोटे नट, मात्र नवे घ्या. शेवटी आउट काढायला, म्हणजे चाक न डोलता सरळ फिरेल असं करून घ्यायला, आणा, ते काम घरी पहिल्यांदा करू नका. गाल काळे रंगवलेली रिंग दिसायला छान असते, पण रंग झिजेपर्यंत सुरुवातीला किंचाळेल. गाल मशीनने घासून पांढरे ठेवलेली मागा.